कुणकेश्वरला दोघांची दोन दिवसांची सहल: हॉटेल बुक करण्याआधी तिथी का बघावी?

रीलमध्ये सगळं जमून आलेलं असतं. ड्रोनमधून दिसणारी लांबलचक वाळू, समुद्राला खेटून उभं देवळाचं शिखर, कठड्यावर फुटणारी लाट. खाली कमेंट येते, "आम्ही दोघं, शनिवार-रविवार. काय काय होईल?" आणि उत्तरं ठरलेली: मंदिर, बीच, मासे.

उत्तर चुकीचं नाही. पण तेवढ्या माहितीवर निघालेल्यांची सहल कशी होते ते बघा.

समजा, पुण्याहून एक जोडपं शुक्रवारी रात्री निघालं. शनिवारी पौर्णिमा आहे, पण ते काही त्यांनी पाहिलेलं नाही. सकाळी अकराला ते देवळापाशी पोहोचतात आणि खडकात कोरलेली शिवलिंगं कुठे आहेत ते विचारतात. फुलवाला समुद्राकडे हात करतो. "पाण्याखाली." मग इथे थांबून काय करायचं म्हणून दोघं गाडी काढून मालवणला जातात. तिथे किल्ल्यावर जायच्या होडीला रांग. रात्री परत येऊन होमस्टेत सुरमई मागतात, तर "सकाळी सांगितलं असतं तर आणली असती" असं ऐकायला मिळतं. रविवारी परतताना हायवेवरून 'देवगड हापूस' लिहिलेली पेटी घेतात आणि घरी उघडल्यावर शंका येते, की हा देवगडचाच का?

या सगळ्यात नशिबाचा भाग फारसा नाही. बँकॉक किंवा सिंगापूरच्या तीन रात्रींच्या सहलीत मॉल सकाळी दहाला उघडतो आणि रात्री दहाला बंद होतो, मेट्रो दर काही मिनिटांनी येते. तिथे कुठलाही शनिवार दुसऱ्या शनिवारसारखाच असतो. कुणकेश्वरला तसं नाही. इथे काय दिसणार, काय खायला मिळणार, पाण्यात उतरायचं की नाही, पिशवीत काय घालून न्यायचं, हे सगळं तिथीवर, वारावर आणि महिन्यावर ठरतं. ते आधी पाहिलं तर याच दोन दिवसांत भरपूर होतं.

कुणकेश्वर नेमकं कुठे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात. देवगड गावाच्या दक्षिणेला, अरबी समुद्राच्या अगदी काठावर. खाडीवरच्या तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून देवगडहून हे अंतर बरंच कमी होतं. जवळचं सोयीचं मोठं रेल्वे स्टेशन कणकवली. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या तिथे थांबतात, आणि जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारतही थांबते. कणकवलीहून पुढे एसटी किंवा रिक्षा-टॅक्सी, रस्त्याचा दीड तास धरावा. पुण्या-कोल्हापूरकडून येणारे फोंडा घाटातून किंवा गगनबावड्याच्या करूळ घाटातून उतरतात. पावसाळ्यात घाट चालू आहे का, हे निघण्याच्या दिवशीच तपासलेलं बरं.

गावात मॉल नाही, पब नाही. पेट्रोल, एटीएम, औषधं हे सगळं देवगड-जामसंड्यात उरकून यावं.

तिथीची पाऊणपट: भरतीचं सोपं गणित

कोकणात भरती-ओहोटीचा अंदाज बांधायला एक जुना आडाखा वापरतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटी, म्हणजे मालवणी माणसाच्या शब्दांत 'सुकती'.

हे जमतं कारण समुद्राचं घड्याळ मुख्यतः चंद्र चालवतो. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, आडाख्याला पुरेसं जवळ. मिनिटाचा हिशेब मात्र यातून मिळत नाही. तो हवा असेल तर मोबाइलवर देवगड किंवा मालवणच्या नावाने भरतीचं वेळापत्रक सहज सापडतं.

आता दुसरी गोष्ट. भरती-ओहोटीचा जोरही तिथीवर असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. पाणी जास्त चढतं आणि जास्त मागेही जातं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास ही ओढ एकमेकांना काटकोनात असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. याला भांगाची भरती म्हणतात.

कुणकेश्वरला देवळालगतच्या खडकात कोरलेली शिवलिंगं लाटांनी झिजलेली आहेत आणि भरतीला बुडतात. ती नीट दिसायची असतील तर पाणी बरंच मागे जायला हवं, म्हणजे उधाणाचे दिवस हवेत. आणि त्या दिवसांत ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आगेमागे. उजेड असतो, ऊन उतरलेलं असतं, ओल्या वाळूत शिखराचं प्रतिबिंब पडलेलं असतं. ज्या फोटोंसाठी माणसं दोनदोनशे मैल येतात ते बहुतेक याच वेळेचे.

म्हणजे वरच्या जोडप्याची शनिवारची निवड अजाणता अगदी बरोबर होती. पौर्णिमेला सकाळी अकराला पाणी चढलेलं असणारच. चूक एवढीच झाली की ते दुपारी मालवणला निघून गेले. देवळाच्या मागे नुसतं बसून राहिले असते तरी पाच वाजता हवं ते सगळं समोर उघडं पडलं असतं.

उलट अष्टमीच्या शनिवार-रविवारी ओहोटी येते भर दुपारी आणि मध्यरात्री, तीही अर्धीमुर्धी. शिवलिंगांसाठी तो आठवडा वाया. पाणी त्यामानाने शांत असतं, एवढाच फायदा.

खडकांवर उतरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. शेवाळ्यावरून पाय घसरतो, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. आणि शिवलिंगांवर पाय देऊन किंवा बसून फोटो काढू नयेत. दगड झिजलेला असल्यामुळे काही लिंगं चटकन ओळखू येत नाहीत, तेव्हा आधी बघावं, मग पाऊल टाकावं.

देऊळ आणि त्याच्या दोन गोष्टी

कुणकेश्वरला 'कोकणची काशी' म्हणतात. त्यामागची कथा पांडवांची आहे. काशीच्या तोडीचं तीर्थ उभारायला ते निघाले आणि काम अपुरं राहिलं, किनाऱ्यावरची शिवलिंगं ही त्याची खूण, असं गावात सांगतात.

दुसरी कथा जास्त वेगळी आहे. एक परदेशी मुसलमान व्यापारी, कुणी अरब म्हणतं तर कुणी इराणी, वादळात सापडला. त्याला किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला. वाचलो तर इथे देऊळ बांधीन, असं तो बोलला आणि बोलल्याप्रमाणे त्याने केलं. देवळाजवळची थडग्यासारखी वास्तू त्याचीच मानतात. हा कागदोपत्री इतिहास नाही, दंतकथाच आहे. पण शिवाच्या देवळाची आख्यायिका एका मुसलमान खलाशाला देऊळ बांधण्याचं श्रेय देते आणि गाव ती शतकानुशतकं कौतुकाने सांगतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. या किनाऱ्याचा व्यापार कुणाकुणाशी होता, ते यातून कळतं.

जवळच एक गुहाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उजेडात आली. आत काळ्या दगडातले कोरीव मुखवटे आहेत. बहुतेक पर्यटक देवळातून थेट वाळूकडे वळतात आणि ही गुहा राहूनच जाते. अर्धा तास पुरतो.

महाशिवरात्रीचं गणित वेगळं. माघ वद्य चतुर्दशीची ही यात्रा जिल्ह्यातल्या मोठ्या यात्रांपैकी एक. लाखोंनी लोक येतात, एसटी जादा गाड्या सोडते, आणि आजूबाजूच्या गावांतले देव पालख्या-तरंगांसह, वाजतगाजत, समुद्रस्नानाला येतात. तो सोहळा बघायचा असेल तर जरूर जावं. निवांतपणासाठी निघालेल्या दोघांनी मात्र ती तारीख टाळावी. २०२६ मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आहे, आणि तो रविवार आहे.

पाण्यात उतरायचं का?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी चुका पैशाच्या आणि वेळेच्या असतात. ही तशी नाही.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. डिसेंबर २०२३ मध्ये देवगडच्या किनाऱ्यावर पुण्याकडून सहलीला आलेल्या प्रशिक्षणार्थी तरुण-तरुणींचा बुडून मृत्यू झाला. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. वरून बघणाऱ्याला समुद्र शांतच वाटला असता.

धोका असतो तो परतणाऱ्या पाण्याचा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने जोरात आत खेचलं जातं. गंमत अशी, की नेमकी हीच वाट माणसाला सुरक्षित वाटते. बाजूला लाटा फुटत असतात, फेस असतो, आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, थोडं गडद दिसतं. नवखा माणूस "इथे लाटा नाहीत" म्हणून तिथेच उतरतो. खडकांच्या कडेला असे पट्टे हमखास असतात, आणि कुणकेश्वरला देवळाच्या बाजूला खडक आहेत.

ओढलं गेल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून पोहत राहिलं तर माणूस थकतो आणि तिथेच संपतो. त्याऐवजी किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं. ही वाट फार रुंद नसते. त्यातून बाहेर पडलं की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. आणि जोडीदाराने मागोमाग उडी घ्यायची नाही. दोर, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, काहीही तरंगणारं फेकायचं आणि माणसं गोळा करायची. एक बुडताना दुसराही जातो तो इथेच.

वर सांगितलेलं गणित इथे उलटं लागू होतं. शिवलिंगं बघायला उत्तम असलेले उधाणाचे दिवस पोहायला सगळ्यात वाईट, कारण पाणी जास्त अंतर कापतं आणि ओढही जास्त असते. त्या दिवशी गुडघाभर पाण्यात पाय भिजवावेत, तेवढंच. गावातलं कुणी "आज पाण्यात नका जाऊ" म्हणालं तर ते उगाच म्हणत नाही.

गाडी वाळूवर घालण्याचा मोहही टाळावा. ओहोटीत घट्ट वाटणारी वाळू भरती यायला लागली की चाकांखाली सैल होते. गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी कुठवर येतं, याचे व्हिडिओ कोकणात दर मोसमात निघतात.

खायचं काय, आणि कधी?

पहिली अट: सकाळीच सांगा. कुणकेश्वर परिसरातल्या बऱ्याच होमस्टेत आणि खानावळीत स्वयंपाक सांगितल्याप्रमाणे होतो. आदल्या रात्री किंवा सकाळी फोन केला तर काकी बाजारातून ताजं मागवून ठेवतात. आयत्या वेळी गेलं तर फ्रीजमधलं मिळतं, किंवा डाळ-भात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

दुसरी अट: महिना बघा. जून आणि जुलैमध्ये यांत्रिकी बोटींच्या मासेमारीला बंदी असते, कारण बऱ्याच माशांच्या विणीचा तो काळ आणि समुद्रही खवळलेला. त्या दोन महिन्यांत ताटात आलेली मोठी सुरमई बहुधा बर्फातली असते. मग खायचं काय? खाडीतले मासे, सुकी मासळी, आणि पावसाळी रानभाज्या. हे दुय्यम नाही. फोडशीची भाजी, टाकळा, सुक्या बांगड्याची किसमूर आणि गरम पेज हे जेवण ज्यांनी खाल्लंय ते जुलैत मुद्दाम जातात.

तिसरी अट: वार. सोमवार शंकराचा. अनेक घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत, आणि श्रावणात तर महिनाभर नाहीत. म्हणून शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून येणाऱ्यांनी मासे आधी उरकून घ्यावेत आणि सोमवारी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्यांवर समाधान मानावं. समाधान हा शब्द चुकीचाच आहे म्हणा. खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटपातली ती उसळ माशाची आठवण काढू देत नाही.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं. ते चघळायचं नाही, बाजूला काढायचं. ज्याने चुकून चावलं त्याची जीभ काही वेळ बधिर होते. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, सुक्या खोबऱ्याच्या मसाल्यात. कोंबडी-वड्यांतले वडे तांदूळ आणि डाळींच्या भरड पिठाचे, पुरीसारखे पण जाडसर. मालवणी मसाला जेवढा तिखट दिसतो तेवढा नेहमी नसतो. सोलकढी शेवटी भातावर किंवा वाटीतून. ताटात ती आधी आली म्हणून आधी पिऊन टाकू नये, तिखट झाल्यावर तीच उपयोगी पडते. गोडात शिरवाळे मिळाले तर सोडू नयेत. तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस. करायला वेळखाऊ, म्हणून हॉटेलच्या मेन्यूवर फारसे नसतात. घरी विचारावं लागतं.

नशीब असेल तर सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसते. लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात गोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते किनाऱ्याकडे ओढतात. जाळं सामाईक असतं आणि मासळीचे वाटे पडतात. पारंपरिक पद्धतीत दोराला हात लावणाऱ्यालाही वाटा मिळतो. पर्यटकाने दोर धरला तर कुणी नको म्हणत नाही. मात्र जाळं वर येत असताना त्यात पाय घालून सेल्फी काढू नये. त्यात गोब्रं पाखट असू शकतं आणि त्याच्या शेपटीचा काटा फार वाईट लागतो.

खरेदी: कोकमाची कोणती बाटली घ्यायची?

देवगड, जामसंडे आणि मालवणच्या बाजारात सगळ्यात जास्त फसगत होते ती कोकमाच्या बाटलीत. दोन्ही बाटल्या लालच दिसतात. एक असते आगळ: कोकमाचा रस आणि मीठ, साखर नाही. दुसरी सरबताची: साखरेत मुरवलेली, पाणी घालून प्यायची. घरी जाऊन नारळाचं दूध काढून त्यात सरबताची बाटली ओतली की जे तयार होतं त्याला सोलकढी म्हणता येत नाही. सोलकढीसाठी आगळ मागायचं. आमसुलं घेताना ती ओलसर-मऊ आणि काळपट लाल बघायची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, वेंगुर्ल्याच्या काजूलाही.

काजू साल असलेले घेतले तर चवीला वेगळे लागतात आणि टिकतातही बरे. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर मिळतात. ते महाग असतात, कारण चिकाने हात भाजतात आणि एकेक बी सोलावी लागते. शिवाय आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, तिरफळं, मालवणी खाजे. खाजे यात्रेच्या दुकानांत आल्याचा वास येणारे घ्यावेत.

आणि हापूस. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच आंब्याला हापूस म्हणून विकता येतं. तरीही दुसरीकडचा आंबा 'देवगड' छापलेल्या पेटीत भरला जातो, कारण पेटीचा पुठ्ठा आणि जुनं वर्तमानपत्र काही कुणाच्या मालकीचं नसतं. यावर उपाय म्हणून २०२५च्या हंगामापासून देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायची पद्धत आणली. पेटीवर काय छापलंय यापेक्षा फळावर काय चिकटवलंय ते बघावं.

याहून सोपा मार्ग कुणकेश्वरला आलेल्या माणसाच्या हाताशीच आहे. तो उभा असतो तिथून मैलाच्या आत आंब्याच्या बागा असतात. होमस्टेच्या काकांना विचारलं तर ते स्वतःच बागायतदार असतात किंवा त्यांचा चुलतभाऊ असतो. त्यांच्याकडून तयार पण कच्चे आंबे घ्यावेत आणि घरी गवतात पिकत घालावेत. पिकलेले आंबे गाडीच्या डिकीत आठ तास उकडले की साल काळी पडते. मार्चच्या सुरुवातीला भाव चढे असतात, मे जसा पुढे सरकतो तसा उतरतो, पण मेअखेरीला पाऊस लागलेलं फळ टिकत नाही.

दलालाला टाळून घेतलेल्या या पेटीचे पैसे पूर्ण बागेत जातात. वर्षभर झाडाला खत-पाणी-फवारणी करून मार्चमध्ये मोहोर गळताना बघणाऱ्या माणसाला त्याचं मोल फार असतं.

दुसरा दिवस: विजयदुर्ग की मालवण?

दोन्ही एका दिवसात करायचा प्रयत्न करू नये. एक उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत. म्हणजे कुठेही गेलं तरी तोटा नाही.

मालवणला बाजार मोठा, हॉटेलं जास्त, आणि किल्ल्यावर जायला होडी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. होडी मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असते. होडीत लाइफ जॅकेट मिळालं नाही तर बसू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. जाताना वाट आचऱ्यावरून. या आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण होते: देवाचा कौल घेऊन सगळं गाव, गुराढोरांसह, तीन दिवस वेशीबाहेर राहतं. योगायोगाने तेव्हाच तिथून गेलं तर बंद घरं बघून घाबरू नये.

विजयदुर्गाला गर्दी कमी, आणि जायला होडीही लागत नाही. इथे 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियम वायूचा शोध इथेच १८६८ मध्ये लागला, असं सांगतात. गोष्ट अर्धी खरी आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं खरं, पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं. आणि नॉर्मन लॉकियर, ज्यांचं नाव हेलियमशी जोडलं जातं, ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत पृथ्वीवरही हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती. तरी एका कोकणी किल्ल्यावर दुर्बिणी लावून ग्रहणाची वाट बघणारे साहेब, एवढंही काही कमी नाही. गावात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो.

दोन्ही नको असेल तर मिठबाव आणि तांबळडेगचे किनारे जवळ आहेत, जवळजवळ रिकामे.

राहणं आणि कागदपत्रं

गावात देवस्थानचा भक्तनिवास, होमस्टे आणि काही लहान रिसॉर्ट आहेत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना सोडला तर खोली मिळते. दोघांचंही ओळखपत्र लागतं. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने एका खोलीत राहायला भारतात कायद्याने बंदी नाही, २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही हेच म्हटलं होतं. पण होमस्टे म्हणजे कुणाचं तरी राहतं घर, आणि भक्तनिवास देवस्थानाचा. दारात वाद घालण्यापेक्षा बुकिंगच्या फोनवरच स्पष्ट विचारलेलं सोपं. मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नसते, तेव्हा थोडी रोकड जवळ ठेवावी.

तर तेच जोडपं, तोच पौर्णिमेचा शनिवार. सकाळी पोहोचल्यावर दर्शन आणि गुहा. दुपारी काकींना सकाळी फोनवर सांगितलेलं जेवण आणि झोप. चार वाजता देवळामागे, पाचला खडकांवर, अंधार पडेपर्यंत वाळूत. रविवारी उजाडताना किनाऱ्यावर रापण आहे का ते बघायचं, न्याहारीला घावणे, दहापर्यंत विजयदुर्ग. परतताना जामसंड्याच्या बाजारात आगळ आणि काजू, बागेतून आंबे. दुपारी दोनच्या आत निघालं तर घाट उजेडात चढून होतो.